पन्हाळा-पावनखिंडीसाठी रेनजॅकेट: नदीला त्रास न देणारं कुठलं घ्यावं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळा ते पावनखिंड चालायचं ठरलंय. माझी ही अकरावी खेप. ह्या वर्षी थोरली लेक पहिल्यांदाच सोबत येतेय, आठवीत आहे. दोघांना रेनजॅकेट हवंय.

आधी जुन्या जॅकेटचं सांगतो, कारण प्रश्न तिथनंच सुरू झालाय. सात वर्षांमागं घेतलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचं वेगळं असं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. गेल्या जुलैत मसाई पठार ओलांडून करपेवाडीत मुक्काम केला. एका घराच्या सोप्यात जॅकेट काढून झटकलं, तर आतल्या बाजूनं पांढरे पापुद्रे गळायला लागले, माशाच्या खवल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पांढरपाण्याच्या अलीकडं एका ओढ्यावर चिखल धुवायला म्हणून तेच जॅकेट पाण्यात बुचकळलं आणि ते पापुद्रे भराभर सुटून वाहायला लागले. मी वाकून ओंजळीनं गोळा करत बसलो. वीस-पंचवीस हाताला लागले असतील. बाकीचे गेले.

ते कुठं गेले हे सांगायला मला नकाशा लागत नाही. तिकडचं पाणी कासारीला जातं. कासारी प्रयाग चिखलीला भोगावतीला मिळते, आणि तिथनं पुढं पंचगंगा. माझं घर गंगावेशीत, घाटापासून चालत दहा मिनिटं. त्याच घाटावर मी वडलांच्या खांद्यावरनं उड्या मारत पोहायला शिकलो. २०१९ ला आणि २०२१ ला तीच नदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलेली. म्हणजे पावनखिंडीजवळ मी पाण्यात जे सोडलं, ते दोन-चार दिवसांत माझ्याच दारावरनं पुढं नरसोबावाडीला गेलं. तेव्हापासनं हे डोक्यातनं जात नाही.

थोडंफार वाचलं तर 'पीएफएएस' नावाच्या फ्लोरिनवाल्या रसायनांचं कळलं. जॅकेटवरनं पाणी मोत्यासारखं ओघळतं ते त्यांच्यामुळं, आणि ती कधी कुजत नाहीत, एवढं समजलं. पण दुकानात गेलो तर लेबलावर काय बघायचं ते कळेना. एकावर 'पीएफओए-फ्री', दुसऱ्यावर 'पीएफसी-फ्री', तिसऱ्यावर नुसतं हिरवं पान. विकणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, सगळं सारखंच आहे काका.

मी शिरोलीत मशीनशॉपमध्ये आहे. दोघांचं मिळून दहा हजारापर्यंत जमेल, त्याच्या वर ओढाताण होईल. लेक दोन वर्षांत उंच होणार, तोही विचार आहे. आणि आपल्या पावसात हे बिनफ्लोरिनचं टिकतं का? अनुभव असलेल्यांनी लिहावं.

---

रानगवा

दादा, मी राधानगरीचा, पावसाळा सोडला तर दाजीपूरला लोकांना फिरवणं हेच काम. आणि पावसाळ्यात स्वतः फिरतो.

आपल्या पावसात ही महागडी 'श्वास घेणारी' जॅकेटं तेवढी चालत नाहीत, मग ती फ्लोरिनची असोत की बिनफ्लोरिनची. ती बनवली थंड आणि कोरड्या हवेच्या डोंगरांसाठी. आतली हवा गरम आणि ओली, बाहेरची गार आणि कोरडी, असा फरक असला तर घामाची वाफ जॅकेटाच्या आतल्या पातळ पडद्यातनं बाहेर जाते. मसाई पठारावर जुलैत बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते. वाफेला जायला जागाच नाही. लेबलावर वाफ बाहेर जायचा आकडा दहा हजार ग्रॅम लिहिलाय का वीस हजार, करपेवाडीचा चढ चढताना पाठ भिजणारच, आणि ती पावसानं नव्हे, घामानं. खूप जण जॅकेट गळतंय म्हणून टाकून देतात आणि नवीन घेतात. गळत नसतंच ते.

म्हणून मी बघतो ते काखेतली चेन. मोठी, कोपरापासनं बरगडीपर्यंत उघडणारी. त्यानं वारा आत खेळतो. जॅकेट ढगळ असावं, मागं थोडं लांब असावं, टोपीला कडक कड असावी म्हणजे पाणी डोळ्यात येत नाही. एवढं असलं तर साधं पीयू कोटिंगचं, म्हणजे आतनं प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं, सुद्धा चालतं.

माझा आजा गगनबावड्याकडं गुरं राखायचा. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथं. त्याच्याकडं एकच घोंगडं, त्याचीच खोळ करून डोक्यावरनं घ्यायचा. घोंगडं भिजतं, जडही होतं, पण भिजल्यावरही अंगात ऊब राहते. बाया रोप लावताना पाठीवर इरलं घ्यायच्या, बांबूचं आणि पानांचं. दोन्ही बाजूंनी मोकळं असल्यामुळं आत घाम साठत नव्हता. ह्या लोकांना कोरडं राहायचं नव्हतंच. गारठू नये आणि वारा झोंबू नये, एवढंच बघायचे. मुलीसाठी जॅकेटच्या आत बारीक लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा लगेच वाळणारा अंगसर टी-शर्ट घ्या. सुती बनियन अजिबात नको. पठारावर थांबलं की त्यातच हुडहुडी भरते.

---

स्टेंटर

पंचगंगाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं वाचून दोन वेळा उठून फिरून आलो. मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ फिनिशिंगला. जे हातानं केलंय तेच लिहितो.

पहिलं, तुमचे ते पांढरे पापुद्रे म्हणजे फ्लोरिन नव्हे. ते आतलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग. ऊब आणि ओलावा ह्यांनी ते वर्षानुवर्षं आतनं तुटत जातं, मग चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात. ओलसर जॅकेट घडी घालून पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं की आपल्या हवेत हे फार लवकर होतं. पाण्यात गेलं ते प्लास्टिकच आहे, चांगलं झालं असं म्हणत नाही, पण तुम्हाला ज्याची भीती वाटते ते ते नव्हे.

फ्लोरिन असतं बाहेरच्या बाजूला. रेनजॅकेटमध्ये दोन वेगळी कामं असतात, हे कुणी दुकानात सांगत नाही. आतला थर पाणी अडवतो. बाहेरच्या कापडावर एक फिनिश असतं, त्यानं थेंब ओघळतो आणि कापड भिजून जड होत नाही. हे फिनिश आम्ही लावायचो. कापड पॅडिंग मँगलमधल्या रसायनाच्या बाथमधनं काढायचं, पिळायचं, आणि स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवायच्या मशीनवर, दीडशे ते एकशेसत्तर अंशाला भाजायचं. ड्रमवर सी-८ लिहिलेलं असायचं, पुढं सी-६ आलं. आकडा म्हणजे कार्बनची साखळी किती लांब ते. सी-८ मधनं पीएफओए तयार होतं, तेही पीएफएएसपैकीच एक. २०१९ ला स्टॉकहोम कराराच्या यादीत ते घातलं, म्हणजे जगानं ते बंद करायचं ठरवलं. सी-६ ची साखळी आखूड, शरीरातनं तुलनेनं लवकर बाहेर पडते, पण निसर्गात तीही तुटत नाही, आणि पाण्यातनं उलट जास्त सहज पसरते.

ह्यावरनं तुमच्या लेबलाचं उत्तर निघतं. 'पीएफओए-फ्री' म्हणजे बिनफ्लोरिनचं असं नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ सी-६ वापरलंय एवढाच. तुम्हाला हवं ते 'पीएफएएस-फ्री' किंवा 'फ्लोरोकार्बन-फ्री' असं स्पष्ट लिहिलेलं. 'पीएफसी-फ्री' (पीएफसी हेही फ्लोरिनवाल्या रसायनांचंच नाव) बरं, पण तिथं एक प्रश्न विचारा: फिनिश बिनफ्लोरिनचं आहे की आतला पडदाही? कारण पडदा टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा असू शकतो, आणि तेही फ्लोरिनच. गोअर कंपनीनं १९७६ पासनं त्याच पडद्यावर नाव केलं. २०२२ ला त्यांनीच पॉलिथिलीनचा नवा पडदा आणला, त्यात फ्लोरिन नाही. पीयूचा किंवा पॉलिस्टरचा पडदा असेल तर त्या बाजूनं काळजी नाही. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चा, म्हणजे कापडात घातक रसायनं नाहीत हे तपासल्याचा, शिक्का असेल तर २०२४ पासनं त्यांच्या नियमात पीएफएएस वापरायलाच मनाई आहे, पण शिक्का कुठल्या सालचा आहे ते बघा. दुकानात जुना माल असतो. कॅलिफोर्नियानं २०२५ पासनं बहुतेक कपड्यांत ह्याला बंदी केली आणि फ्रान्सनं २०२६ पासनं, त्यामुळं मोठ्या कंपन्यांना बदलावंच लागलं. आपल्याकडं त्याचा फायदा एवढाच की तोच माल इथंही येतो.

आता नदीचं. अंगावरच्या जॅकेटमधनं ओढ्यात जातं ते थोडं. धुण्यात जातं ते त्याहून जास्त. आणि खरं जातं ते आम्ही फिनिश लावायचो तिथनं. मी जिथं होतो, नाव लिहीत नाही, तिथं लॉट संपला की बाथमध्ये उरलेलं पाणी तसंच पुढं ढकललं जायचं. ईटीपीतनं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधनं, गेलं तरी तिथले जिवाणू स्टार्च खातात, पण कार्बन-फ्लोरिनचा बंध त्यांना तोडता येत नाही. मी दोनदा सुपरवायझरला बोललो. तिसऱ्यांदा घरचा हप्ता आठवला आणि गप्प बसलो. हे मला अजून टोचतं. म्हणून म्हणतो, तुम्ही बिनफ्लोरिनचं मागून घेता तेव्हा तुमच्या ओढ्यापेक्षाही कुठल्या तरी प्रोसेसच्या खालच्या गावाचं भलं होतं.

टिकण्याबद्दल खरं ते सांगतो. बिनफ्लोरिनचं फिनिश मेणाचं, सिलिकॉनचं नाहीतर दुसऱ्या पॉलिमरचं असतं. पाणी ते चांगलं झटकतं. तेल झटकत नाही. मानेचा घाम, केसाचं तेल, चुलीचा धूर लागला की तिथं कापड भिजायला लागतं. त्याला उपाय आहे, वेळेवर धुणं. फ्लोरिनवाल्याला दुर्लक्ष चालायचं, ह्याला चालत नाही.

---

आंबाघाट

स्टेंटर काकांचं शेवटचं अगदी बरोबर. मी गेला आख्खा पावसाळा बिनफ्लोरिनचं वापरलं. पहिले तीन ट्रेक पाणी टपाटपा ओघळत होतं. चौथ्याला खांद्यावर सॅकचा पट्टा बसतो तिथं आणि कॉलरला काळपट ओल धरली. मला वाटलं गेलं. धुवून, वाळवून, वरनं पातळ कापड टाकून मंद इस्त्री फिरवली, तर परत पहिल्यासारखं. उष्णतेनं फिनिश पुन्हा जागं होतं म्हणतात, ते खरंय.

आणि एक. मुलीला स्वस्तात पडतं म्हणून जाड पीव्हीसीचा रेनकोट घेऊ नका. वारा शून्य, आत अक्षरशः पाणी साठतं, आणि दोन वर्षांनी फाटल्यावर कुणी घेत नाही. आमच्याकडं गावात असले रेनकोट बंबात घालून पेटवतात. पीव्हीसी जळताना निघणारा धूर भयंकर असतो.

---

सुईदोरा

मी राजारामपुरीत शिवणकाम करते. सॅक, तंबू, रेनकोट दुरुस्तीला येतात. तुम्ही सगळे नवीन काय घ्यायचं ते बोलताय, म्हणून मध्ये बोलते.

माझ्याकडं 'गळतंय' म्हणून येणाऱ्या जॅकेटांत मला तीन प्रकार दिसतात. एक, शिवणीवरची टेप सुटलेली. ही आतनं पारदर्शक पट्टी असते. ती परत लावता येते, टेप मिळते, गरम इस्त्रीनं बसते. दोन, फक्त मळकं. ते धुतलं की होतं. तीन, कोटिंग सुटलेलं. दादा, तुमचं हे तिसरं दिसतंय. त्याला माझ्याकडं इलाज नाही, खोटं सांगणार नाही. पण ते कापड अजून घट्ट असेल. त्याचं सॅकचं आवरण होतं, लॅपटॉपची पिशवी होते. आतलं सगळं पापुद्रं आधी कोरडंच घासून काढायचं, कागदावर, आणि कचऱ्यात द्यायचं. मोरीत नाही.

दुकानातनं घेताना लोक आकडा बघतात. दहा हजार मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी पाणी पाझरत नाही. दोन हजाराचं म्हणजे दोन मीटर. नुसता पाऊस अंगावर पडायला दोन हजारही पुरतं, पण ओझ्याची सॅक दिवसभर पट्ट्यानं दाबते तिथं आणि ओल्या दगडावर बसलं की बुडाला जास्त लागतं. तुम्हाला पाच हजाराच्या वरचं बघा. मुलीची सॅक हलकी असणार, तिला कमी चाललं तरी हरकत नाही.

आणि आकड्यापेक्षा जॅकेट उलटं करून शिवण बघा. सगळ्या शिवणींवर टेप आहे का? स्वस्तातल्या कित्येकांत फक्त खांद्याला असते. चेन खेचून बघा, दाते मोठे असले तर बदलता येते. बारीक, रबरी झाकलेली चेन देखणी दिसते पण ती गेली की बदलायला मला अर्धं जॅकेट उसवावं लागतं, आणि तेवढे पैसे कुणी देत नाही, जॅकेट जातं. मी आजवर फेकायला निघालेली जितकी जॅकेटं पाहिली त्यातली निम्मी तरी चेनमुळं निघालेली.

मुलीला नवीन घेऊच नका. तुमच्याच ट्रेकच्या ग्रुपवर विचारा, कुणाची तरी मुलगी पुढं गेलेली असते. बाही लांब झाली तर मी आतनं टाचून देते, उंच झाली की सोडून देते. टाचा घालताना भोकं पडतात, त्यावर टेप लावते.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रानगवा भाऊ, तुमच्या आज्याचं वाचून माझ्या आजोळची आठवण झाली. पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं आणलेलं काळं घोंगडं तिथं अजून आहे, कसर लागू नये म्हणून आजी कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. हे जॅकेट मी तसं कधी ठेवलंच नाही. भिजलेलं कोंबलं आणि पुढच्या जुलैत काढलं.

स्टेंटर दादा, तुम्ही दोनदा बोलला होता. आमच्यातले कित्येक एकदाही बोलत नाहीत. मी धरून.

काल संध्याकाळी परत दुकानात गेलो. आता काय विचारायचं ते माहीत होतं. दोन जॅकेटं उलटी करून बघितली. एकाच्या लेबलावर बाहेरचं फिनिश बिनफ्लोरिनचं असं साफ लिहिलंय, आतला थर पीयूचा, आठ हजार मिलिमीटर, सगळ्या शिवणी टेपच्या, काखेत चेन आहे, दातेही जाड. साडेपाच हजार. दुसरं त्याहून हलकं, सातशे रुपयांनी स्वस्त, पण काखेत काही नाही आणि लेबलावर नुसतं 'इको'. पहिलं घ्यायचं ठरवतोय. लेकीसाठी ग्रुपवर टाकलं, तासाभरात उत्तर आलं. मंगळवार पेठेतल्या एका मित्राच्या मुलीचं आहे, दोन पावसाळे वापरलेलं, नारिंगी. लेकीला रंग आवडला. ते मात्र फ्लोरिनचं आहे का कुणास ठाऊक, लेबल पुसलंय. ते वापरावं की नको?

आणि धुवायचं कशानं? घरी कपड्याला पावडर आणि वरनं सुवासाचं पाणी, सॉफ्टनर, घालतात.

---

स्टेंटर

वापरा की. त्यात काही असेल तर ते बनताना जे व्हायचं ते होऊन गेलंय. आणखी चार वर्षं ते अंगावर राहिलं तर तेवढं एक नवीन कमी बनेल. फक्त कमी वेळा धुवा, आणि फिनिश गेल्यावर वरनं मारायला स्प्रे घ्याल तेव्हा बिनफ्लोरिनचा घ्या. निकवॅक्सचे पहिल्यापासनं बिनफ्लोरिनचे आहेत, ऑनलाइन मिळतात. फवारण्यापेक्षा बादलीत भिजवायचं असतं ते बरं, फवारा हवेत उडतो आणि निम्मा वाया जातो.

सॉफ्टनर अजिबात नको. तो कापडावर थर सोडतो आणि त्यानं फिनिशचं काम बिघडतं. पावडरही नको, तिचा अंश राहतो. जॅकेटासाठीचा साबण मिळतो. नसेल तर साधा बिनवासाचा साबण किसून कोमट पाण्यात विरघळवा, हातानं चोळा, आणि तीन पाण्यांतनं काढा. पिळू नका, निथळत ठेवा. उन्हाचं काही खरं नसतं त्या दिवसांत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. मगच आंबाघाट भाऊंनी सांगितलेली इस्त्री, आणि त्याआधी आतलं लेबल बघा, इस्त्रीला फुली असेल तर करू नका. ठेवताना हँगरला, पिशवीत नको. तुमच्या आजीसारखं.

---

रानगवा

विकत घ्यायच्या आधी दुकानातच सॅक पाठीवर घालून बघा दादा, काखेची चेन पट्ट्याखाली दबत नाही ना. माझ्या एका जॅकेटला ती नेमकी पट्ट्याखाली येते, चालताना उघडताच येत नाही.

---

पंचगंगाकाठ

हे सुचलंच नव्हतं. उद्या ऑफिसची नको, ट्रेकची सॅक भरून घेऊन जातो.

सुईदोरा ताई, नारिंगी जॅकेटाच्या बाह्या चार बोटं लांब होतात आणि उजव्या खांद्याची टेप दोन इंच सुटलीय. जुन्याचं सॅकचं आवरणही करायचंय, लेकीच्या सॅकच्या मापाचं. मंगळवारी आणलं तर जुलैच्या आधी होईल का?

---

सुईदोरा

होईल. मंगळवारी मी बाजाराला जाते, बुधवारी दहानंतर या. मुलीला सोबत आणा, बाहीचं माप हात वर करून घ्यावं लागतं. आणि जुनं जॅकेट पापुद्रे काढून, पुसून आणा.